बिनतारी ऑर्गनायझर आणि एका लिपीचा अस्त

शिकण्यास सोपी लिपी टिकते व अवघड लिपी मागे पडते, असे सामान्यतः समजले जाते. हे मत तपासून पाहण्यास उपयुक्त असे एक उदाहरण अलीकडच्या काळात घडून गेले आहे. तळहातात मावणाऱ्या ऑर्गनायझरसाठी तयार झालेल्या ‘ग्राफिटी’ ह्या लिपीचे ते उदाहरण होय.

खिशात बाळगता येणारे ऑर्गनायझर १९८४ पासून, म्हणजे ब्रिटनमधील सायॉन कंपनीच्या यंत्रापासून, बाजारात होते. त्यांत कळा दाबून नोंदी करावयाच्या असत. १९९३ साली अ‍ॅपल कंपनीने ‘न्यूटन’ आणला. प्रत्येक माणसाचे स्वाभाविक हस्ताक्षर यंत्राने वाचावे, ही त्यामागील आकांक्षा होती. ती पुरी झाली नाही. न्यूटनच्या वाचनदोषांवर विनोद होऊ लागले.

जेफ हॉकिन्स ह्यांनी प्रश्न उलटा केला. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राला कळेल असे अक्षर का शिकू नये? त्यांच्या पाम कंपनीची ग्राफिटी १९९४ साली आली आणि १९९६ च्या ‘पायलट’ ह्या यंत्रामुळे ती सर्वत्र पोहोचली. तिच्यात बहुतेक प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एकाच रेघेत काढावयाचे असे. ए म्हणजे आडवी रेघ गाळलेला उलटा व्ही. अक्षरे एकापुढे एक नव्हे, तर पडद्याखालच्या एकाच चौकटीत एकावर एक लिहावयाची. रेघ संपली की अक्षर संपले, हे यंत्रास आपोआप कळे. ही लिपी सोपी होती काय? मॅकेंझी व झांग ह्यांच्या १९९७ च्या प्रयोगात केवळ पाच मिनिटांच्या सरावानंतर लिहिणाऱ्यांची अचूकता ९७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. सोपेपणाचा ह्याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

येथे त्या लेखनाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पायलटमध्ये मुख्यतः चार वह्या होत्या: भेटीगाठींची, पत्त्यांची, करावयाच्या कामांची आणि टिपणांची. ‘साडेचारला बैठक’, ‘वीजबिल भरणे’ अशा धर्तीच्या ह्या नोंदी. लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच. स्वतःशी केलेल्या ह्या त्रोटक संभाषणास एकरेघी लिपी पुरेशी होती. नोंदींची प्रत घरच्या वा कचेरीतील संगणकावर ठेवण्यासाठी यंत्र एका बैठकीत बसवावे लागे.

१९९९ साली ही परिस्थिती बदलली. पामने ‘पाम सात’ हे बिनतारी यंत्र आणले. त्याची काडी उभारली की रेडिओजाळ्यावरून संदेश धाडता येई व निवडक माहिती मागविता येई. ग्राफिटी मात्र तीच राहिली. त्याच वर्षी कॅनडातील रिसर्च इन मोशन ह्या कंपनीने ‘ब्लॅकबेरी’ सुरू केली. तिच्यात लिपी नव्हती. दोन अंगठ्यांनी दाबावयाच्या बारीक कळा होत्या. स्मरणवही आता पत्रपेटी झाली. पत्रास लगेच उत्तर द्यावे लागते, ते दुसऱ्याने वाचावयाचे असते, आणि एकेक अक्षर रेखण्याचा सावकाशपणा तेथे जाचक होतो. २००२ साली, हॉकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या हँडस्प्रिंग कंपनीने ‘ट्रिओ’ हे यंत्र दोन रूपांत विकले; एकात कळा, दुसऱ्यात ग्राफिटी. पुढच्या ट्रिओमध्ये केवळ कळाच राहिल्या.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. झेरॉक्सने आपल्या ‘युनिस्ट्रोक्स’ ह्या आधीच्या एकरेघी लिपीच्या पेटंटावरून १९९७ साली दावा लावला आणि २००३ साली पामने ग्राफिटीऐवजी दुसरी पद्धती स्वीकारली. तेव्हा ही लिपी न्यायालयामुळे गेली, असे म्हणता येईल. परंतु ट्रिओमधील कळा त्यापूर्वीच्या आहेत. दाव्याने अस्ताची घाई केली असेल. त्याचे कारण तो नव्हे.

मोडीचा इतिहास येथे सहज आठवतो. लेखणी शक्य तितकी न उचलता भरभर लिहिण्याची सोय हेच तिचे बळ, आणि दप्तरात ते शतकानुशतके उपयोगी पडले. मुद्रणाच्या काळात, जेथे हाताच्या वेगास मोल नव्हते, तेथे बाळबोध पुढे आली. ह्या दोहोंत काळाचे व व्याप्तीचे अंतर प्रचंड आहे, हे मान्यच आहे; तथापि दोन्ही ठिकाणी लिपी अवघड झाली नव्हती, तिचे काम बदलले होते.

आज आपले विद्यार्थी मराठी संदेश पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहितात आणि देवनागरी अवघड असल्याचे कारण सांगितले जाते. ग्राफिटीचा दाखला पाहता हे निदान अपुरे वाटते. देवनागरी किती सोपी करावी, ह्यापेक्षा रोजच्या व्यवहारातील कोणती कामे आपण तिच्याकडे सोपवितो, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे.