तापीकाठच्या दोन राजधान्या: थाळनेर आणि बऱ्हाणपूर

मंडळी, थेम्सकाठचं लंडन आणि सीनकाठचं पॅरिस आपण शाळेत शिकलो. आपल्या तापीकाठच्या दोन राजधान्या मात्र आपल्याला चटकन सांगता येत नाहीत.

१३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. पुढे दिल्लीची पकड सैल होताच तो स्वतंत्र झाला आणि थाळनेर खानदेशची राजधानी बनलं. मग त्याने हात घातला तो आपल्या सुलतानपूर-नंदुरबारला. हा मुलूख गुजरातचा. गुजरातचा सुभेदार जफरखान चालून आला, थाळनेरला वेढा पडला आणि मलिक राजाला तह करावा लागला.

१३९९ मध्ये तो वारला. मुलगा नासिरखानाने असीरगड घेतला आणि जवळच तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं. नाव दिलं खुलताबादच्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. राजधानी पूर्वेला सरकली ती उगाच नव्हे, असं आम्हाला वाटतं: गुजरात लांब पडलं आणि पाठीशी असीरगड आला.

१६०१ मध्ये तोच गड अकबराने घेतला आणि फारुकी संपले. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही आहेत. आपल्या सुलतानपूर-नंदुरबारसाठी झालेल्या लढाईची आठवण म्हणून तरी त्या आपण पाहायला हव्यात.