शेर कोणता, ड्रॅम कोणता? बंदुकीच्या दारूचं माप वाचताना

‘फुसका बार’ आपण सगळेच म्हणतो. त्यातला ‘बार’ म्हणजे एका वेळी बंदुकीत भरायची दारू. ती कमी पडली किंवा ओली निघाली, की गोळी जेमतेम बाहेर पडणार. जास्त झाली तर नळी फुटून भरणाराच जखमी होणार. म्हणजे हे माप चुकलं तर त्याची किंमत लगेच मोजावी लागायची. आपल्यासारख्यांची चूक मात्र कागदावर वर्षानुवर्षं निवांत पडून राहते.

माझीच सांगतो. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला माझी खोली आहे, आणि तिथेच एका रात्री मी प्रकरणाच्या मसुद्यात लिहून टाकलं की १८५७ च्या एनफिल्ड काडतुसात साडेनऊ ग्रॅमच्या वर दारू असायची. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: ‘ही बंदूक खांद्याला लावणार कोण?’

झालं होतं असं. त्या काडतुसात अडीच ड्रॅम दारू असे, हे बरोबर. पण ड्रॅम दोन आहेत. औषधं तोलायचा ड्रॅम ६० ग्रेनचा, आणि रोजच्या व्यवहारातला सुमारे २७.३ ग्रेनचा. मी औषधवाल्याचा घेतला. खरा आकडा सुमारे ६८ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्याही किंचित आत. माझी चूक दुपटीहून जास्त! आपल्या मापात सांगायचं तर तो बार साधारण साडेचार मासे भरतो (१८० ग्रेनचा तोळा, १२ माशांचा तोळा, ८ गुंजांचा मासा). गंमत बघा, गुंज हे बी आणि ग्रेन म्हणजेही धान्याचा दाणाच.

त्या काडतुसाचा धर्माशी आलेला संबंध आपण शाळेत शिकतो. पण तो कागद दाताने फाडायचा कशासाठी? तर आत मोजून ठेवलेली दारू नळीत ओतायला. मोजण्याचं काम शिपायाच्या हातातून काढून कारखान्यात नेलं, हा त्यातला मोठा बदल. त्याआधीच्या चकमकीच्या बंदुकीत त्याच काडतुसातली थोडी दारू रंजक म्हणून कानाजवळच्या प्यालीत टाकायची आणि उरलेली नळीत. घाईत प्यालीत किती गेली, कोण बघणार? एनफिल्डला टोपी बसवायची असल्यामुळे तो हिशोबच संपला.

आता आपल्या दफ्तरांकडे या. तिथे ‘शेर’ दिसला की थांबायचं. पक्का शेर ८० तोळ्यांचा धरतात, कच्चा त्याहून बराच हलका, आणि धान्य मोजायचा मापी शेर तर वजनच नाही, तो आकारमान सांगतो (चार शेरांची पायली, तोच). दारूच्या बाबतीत हा फरक जिवावरचा. बारीक दाण्याची आणि जाड दाण्याची, सैल भरलेली आणि ठोकून बसवलेली दारू एकाच मापात वेगवेगळ्या वजनाची भरते.

मग वजन केलं की सुटलो? तसंही नाही. दारू ओल धरते. ओल्या दारूचं वजन भरतं, जोर मात्र जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याबद्दल जे लिहिलंय ते या नजरेने वाचा: तो घरांपासून लांब असावा, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावं, मग पुन्हा मुद्रा करून ठेवावी. मी हे आधी नुसतं ‘गडाची व्यवस्था’ म्हणून वाचलं होतं. पण तोललेली दारू खरोखर तेवढ्या जोराची राहावी, याचीही ती तजवीज आहे.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने बिनधुराची दारू काढली आणि जुना अंदाज पार निकामी झाला. थोड्याशा दारूत खूप जोर. पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणारे नेमबाज परदेशात बरेच आहेत (आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे). नऊ मिलिमीटरच्या पुंगळीत बहुधा चार-पाच ग्रेनच दारू जाते, म्हणजे दोन-अडीच गुंजा. पुंगळीत जागा उरते, त्यामुळे चुकून दोनदा भरलं तरी पटकन कळत नाही. म्हणून ती माणसं मेजावर एका वेळी एकच दारू ठेवतात, माहीत असलेलं वजन ठेवून आधी काटा तपासतात, आणि गोळी बसवण्याआधी उजेडात प्रत्येक पुंगळीत डोकावतात. जुन्या काळ्या दारूचं माप नव्या दारूला लावणं तर सरळ आत्मघात.

त्यांचं बघून मी वहीत तीन रकाने पाडलेत: आकडा, एकक, आणि हे वजन की आकारमान. तिसरा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो, कारण लिहिणाऱ्या कारकुनाला ते माहीतच होतं, त्याने कशाला लिहावं? ‘शेर’ या शब्दापुढे माझ्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. त्या ओळी मी ग्रॅममध्ये बदललेल्या नाहीत.