कोशाचे पाणी आणि त्याच्या पळवाटा

अद्भुतकथा लिहिणाऱ्याला खरे बोलविणारे औषध कल्पिणे जितके सोपे, तितकेच ते कथेत सांभाळणे अवघड. कारण ज्याचे तीन थेंब पोटात जाताच कोणाच्याही मुखातून सत्यच बाहेर पडते असा रस एकदा राज्यात मिळू लागला, की खलपुरुषाचे कारस्थान पहिल्याच प्रकरणात संपावयाचे, आणि म्हणूनच रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या कथेत असा रस आहे तसा त्यावरचा उताराही आहे. आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी तीन थेंबांऐवजी तीन प्रसृती, म्हणजे तीन पसे, पाणी घेऊन जवळपास हाच प्रयोग खऱ्याखुऱ्या न्यायसभेत मांडला होता, आणि त्यातील पळवाटा बुजविताना त्यांच्या बुद्धीचा जो कस लागला, तो मला त्या प्रयोगाहूनही अधिक वेधक वाटतो.

याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये, म्हणजे खऱ्याखोट्याच्या कसोट्या, सांगितली आहेत. पिंपळाची सात पाने तळहातांवर बांधून तापलेला लोखंडी गोळा सात मंडले पार नेणे किंवा तुपात कालवलेले विष पचविणे यांपुढे कोशाचा विधी अगदीच सौम्य दिसतो: उग्र देवतेची पूजा करून तिच्या स्नानाचे पाणी, खोलगट केलेल्या तळहातात मावेल एवढे तीन वेळा, आरोपिताने प्यावयाचे आणि घरी जावयाचे. जीभ सैल करण्याचे सामर्थ्य या पाण्याच्या अंगी कोणी मानले नव्हते. चौदा दिवसांच्या आत त्या माणसावर राजाकडून वा दैवाकडून घोर संकट आले नाही, तर तो शुद्ध ठरे. म्हणजे साक्ष द्यावयाची ती पुढच्या पंधरवड्याने.

पण पंधरवडा हा साक्षीदार मोठा बेभरवशाचा. चौदा दिवसांत पडसे कोणाला होत नाही? कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर, ज्याचा शब्द पुढे महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानला गेला, तो 'घोर' या विशेषणापाशी मुद्दाम थांबतो आणि बजावतो की, लहानसहान पीडा देहधाऱ्याला टळत नाहीत, सबब त्या हिशेबात धरावयाच्या नाहीत. स्मृतिकार कात्यायनाच्या वचनांत तर यादीच आहे: ज्वर, अतिसार, फोड, हाडांच्या वेदना, डोळ्यांचा रोग, गळ्याचा रोग, उन्माद, आग, भाऊबंदाचा मृत्यू. तिला एक अट जोडलेली आहे, ती अशी की, हे संकट त्या एकट्यावर आलेले असावे, सगळ्या लोकांवर नव्हे. गावात साथ पसरली असता तिच्यातला ज्वर पुराव्यात धरावयाचा नाही, हा विचार ज्याला सुचला त्याला भाबडा म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही. नारदस्मृतीच्या कर्त्याने याहूनही मूळची अडचण ओळखली होती. नास्तिकाला कोश देऊ नये असे त्याने स्पष्ट सांगून टाकले, कारण ज्याला देवतेचे भय नाही त्याच्या पोटात ते नुसते पाणीच.

खरी पळवाट मात्र पाण्यात नसून शब्दांत असते. दिव्याच्या वेळी अभियोगाचा मजकूर पत्रावर लिहून तो आरोपिताच्या मस्तकी बांधीत, तो देवतेसमोर नेमका कोणता प्रश्न आहे याविषयी संदिग्धता राहू नये म्हणूनच असावा. तरीही कथाकारांनी फट शोधलीच. शुकसप्ततीत एका व्यापाऱ्याची व्यभिचारिणी सून, सासऱ्याला संशय आला असता, यक्षाच्या मूर्तीच्या पायांमधून निघून दाखवीन असे सांगते, कारण खोटे बोलणारा त्या पायांतून सुटत नसे. ठरल्याप्रमाणे तिचा जार वेड्याचे सोंग घेऊन भर लोकांत तिला मिठी मारतो, आणि मग ती यक्षाला विनविते की, माझा पती आणि हा वेडा यांच्यावाचून मला कोणी स्पर्श केला नाही. वाक्य अक्षरशः खरे! ती पलीकडे निघून जाते. युरोपात इझोल्डची कथा याच वाटेने जाते. तेथे यक्षाच्या ठिकाणी तप्त लोखंड आणि वेड्याच्या ठिकाणी यात्रेकरूच्या वेषातील तिचा प्रियकर ट्रिस्टन, एवढाच फरक.

मराठेशाहीत तीर्थाच्या घोटापेक्षा रव्याच्या दिव्याचा दरारा अधिक. पाटीलकी, कुलकर्ण असल्या वतनाचा कज्जा गोतसभेपुढे आला, उभयतांनी निवाडा मान्य करण्याचे राजीनामे लिहून जामीन दिले, तकरिरा म्हणजे जबान्या झाल्या, आणि कागदपत्रांनी व गोहीसाक्षींनीही उलगडा होईना, म्हणजे कढईखाली जाळ लागे. तत्पूर्वी दिव्य करणाऱ्याची नखे काढीत, हात साबण लावून धूत, त्यांवर पिशव्या चढवून तोंडांशी मोहोर करीत. लेप लावून येणारे हात कारभाऱ्यांना अपरिचित नसावेत, हे या तपशिलावरूनच उघड होते. मग उकळत्या तेलातुपातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, काढावयाचा, पुन्हा पिशव्या, पुन्हा मोहोर, आणि तिसऱ्या दिवशी भरसभेत हात उघडून पाहावयाचे. हरणाऱ्याने येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देऊन गुन्हेगारी म्हणजे दंड भरावा, जिंकणाऱ्याने सरकारात हरकी म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम भरावी. सत्याचाही खर्च होताच. माझी समजूत अशी की, रव्याचे खरे काम कढईत हात घालण्याच्या आदल्या रात्री होत असले पाहिजे. मोहोर केलेल्या पिशवीत हात ठेवून जागणाऱ्या माणसाला आपला दावा किती खरा, हे पंचांनी सांगावे लागत नसेल.

इंग्रजी अमलात कढई गेली, पण तिची सावली सरकारी कायद्यात राहिली. 1873 च्या शपथ कायद्यान्वये एका पक्षकाराने 'प्रतिपक्षाने अमुक प्रकारची शपथ घेऊन सांगितले, तर ते मला कबूल' असे म्हणावे, आणि दुसऱ्याने तशी शपथ घेऊन सांगितल्यास ते सांगणे पहिल्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरावे, अशी सोय होती; ती 1969 च्या नव्या कायद्याने गेली. मात्र त्या जुन्या कायद्यातही एक मर्यादा होती: शपथ तिसऱ्या माणसाला बाधणारी नसावी. म्हणजे मुलाच्या मस्तकावर हात ठेवून बोललेले कोर्टात चालावयाचे नाही. आमच्या लहानपणी वाड्यात हा कायदा कोणाला ठाऊक नव्हता. गळ्याची कातडी चिमटीत धरून 'तुला माझ्या गळ्याची शपथ' असे कोणी म्हटले, की दुपारभर तोंडाला कुलूप बसे. आणि गुपित चुकून फुटलेच, तर दिवेलागणीपर्यंत अपराधी पोर शपथ घालणारीच्या मागे 'सुटली म्हण, गं, सुटली म्हण' करीत जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत असे.