कवळाण्याचा गोपाळ आणि आपली मुले

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाच्या सभागृहात मुलांची अथर्वशीर्षाची तालीम चालली होती. तालीम संपल्यावर नववीतल्या एका मुलाने आम्हा मोठ्या माणसांना विचारले, "काका, आपण नक्की कोण? घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी. फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहितो, पण मराठीत दोन पाने लिहायला सांगितली तर मला घाम फुटतो." आम्ही हसलो, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याकडे नव्हते. आम्हीही याच शहरात, याच तीन भाषांत वाढलो. आमच्यातल्या काहींनी पदविका घेतली, सरकारी नोकरी धरली, घर केले. तो प्रश्न मात्र मागेच राहून गेला.

घरी परतताना मनात आले, की हा प्रश्न आपल्या बडोद्यात नवा नाही. ज्याच्या नावाने आपले विद्यापीठ, बाग आणि रुग्णालय ओळखले जाते, त्या माणसापुढेही तो बाराव्या वर्षी उभा राहिला होता.

साल 1875. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाचे प्रकरण गाजले आणि मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळ कवळाणे या गावी शेती करून राहत होती. तिथल्या काशीरावांचा मुलगा गोपाळ निवडला गेला. मुलांना "इथे कशाला आलास?" असे विचारले तेव्हा राज्य करायला आलो, असे गोपाळने बेधडक सांगितले, ही गोष्ट आपण सर्वांनी आजी-आजोबांकडून ऐकली आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, आपण ती सांगून इथेच थांबतो. जणू त्या उत्तरातच महाराज तयार झाले!

पण त्या मुलाच्या जागी आपला मुलगा ठेवून पाहा. गाव सुटले, रान सुटले. जन्मदात्री असताना नवी आई मिळाली. गोपाळ हे नाव जाऊन सयाजीराव हे नाव आले. अक्षरओळखीपलीकडे फारसे शिक्षण नव्हते. आणि भोवती असा दरबार, की जिथे आदल्या राजाला नुकतेच हद्दपार केले होते. आज ज्याला आपण किशोरवय म्हणतो त्याच्या उंबरठ्यावर मुलगा "मी कोण?" असे स्वतःला विचारू लागतो. इथे त्याने विचारण्याआधीच सगळ्यांनी त्याला उत्तर देऊन टाकले होते.

पुढची सहा वर्षे शिक्षणात गेली. राज्याचा कारभार दिवाण राजा सर टी. माधवराव पाहत होते. त्याच वर्षअखेरीस एफ. ए. एच. एलियट हे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून आले. शाळा एकट्या राजपुत्रासाठी नव्हती. धाकटे बंधू संपतराव आणि काही मुले सोबतीला होती. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा भाषा, गणित, इतिहास, भूगोल, आणि जोडीला घोडेस्वारी, कुस्ती, व्यायाम. इतर मुले ज्या वयात बरेच शिकून झालेली असतात त्या वयात याचा आरंभ होत होता. आपण मागे आहोत हे त्याला रोज कळत असणार. आमच्या मते त्या शिक्षणाचे मोठेपण इथेच आहे. त्याची उणीव कोणी झाकली नाही आणि तिच्यावरून कोणी त्याला हिणवलेही नाही. काम तेवढे रोज पुढे सरकत राहिले.

1881 साली माधवरावांनी त्यांना व्याख्याने दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. प्रजेचे सुख कशात आहे, राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा का हवी, सल्लागार कसे निवडावेत, अशा गोष्टी त्यांत आहेत. विचार करा, राज्याचा सर्वांत अनुभवी कारभारी अठरा वर्षांच्या मुलासमोर बसून त्याला मोठ्या माणसासारखे सर्व समजावून सांगतो आहे. आपल्यापैकी किती बापांनी आपल्या मुलाशी घरच्या जमाखर्चावर असे बोलणे केले आहे? 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

त्या मुलाने स्वतःला किती ओळखले, हे त्याच्या पुढच्या कामांवरून दिसते. 1893 साली अमरेली आणि आसपासच्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, 1906 साली तो सर्व राज्यात लागू झाला. मुलांसाठी सक्तीचे वय होते सात ते बारा. बारा! ज्या वयात कवळाण्याच्या गोपाळचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले, त्या वयापर्यंत राज्यातल्या प्रत्येक मुलाचे पहिले शिक्षण पुरे व्हावे, अशी ती योजना होती. हा योग आहे की आठवण, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही; आम्हाला मात्र ती आठवणच वाटते. 1890 साली कलाभवन निघाले. 1910 नंतर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आणि महाराजांच्या खासगी संग्रहातली हजारो पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. आपल्या वाट्याला जे उशिरा आले, ते दुसऱ्याला वेळेवर मिळावे, हीच धडपड त्यात दिसते.

आणि भाषेचा प्रश्न? मराठी घराण्यातला हा राजा. पण प्रजा बहुतेक गुजराती, म्हणून शाळा आणि कारभार गुजरातीत वाढवला, आणि मराठीचा हातही सोडला नाही. 1931 साली निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या कोशात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. एका भाषेला आपले म्हटले म्हणून दुसरी परकी होत नाही, हे त्यांना बाराव्या वर्षापासून जगून कळले होते.

इथे लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. पण इतिहास पुरा सांगितला पाहिजे. ज्याने स्वतः एवढ्या कष्टाने स्वतःला घडवले, त्याला आपल्या मुलांचे मन तितके उलगडले असे दिसत नाही. मुलांना परदेशातल्या उत्तम विद्यालयांत पाठवले, काही उणे ठेवले नाही. तरी फत्तेसिंहराव 1908 साली, शिवाजीराव 1919 साली आणि जयसिंगराव 1923 साली, तिघेही बापाच्या डोळ्यांदेखत ऐन उमेदीत गेले. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. 1911 साली, एकोणीस वर्षांच्या असताना, त्यांनी स्वतःच शिंद्यांना पत्र लिहून नकार कळवला. आईवडिलांना हे ग्वाल्हेरहून कळले! पुढे 1913 साली लंडनमध्ये त्यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी विवाह केला, त्याला आईवडील हजर नव्हते. तेव्हा बडोदे आणि ग्वाल्हेर दोन्हीकडच्या मराठी घरांत या मुलीला नावेच ठेवली गेली असतील. आज वाटते, ती मुलगी स्वतःला ओळखत होती, एवढेच.

आम्ही हे महाराजांना कमी लेखायला लिहीत नाही. त्यांच्या राज्यात आमच्या पणज्या लिहायला शिकल्या, हे ऋण फिटणारे नाही. पण एवढा द्रष्टा राजाही आपल्या घरात चुकू शकतो, तर आम्ही कारकून, पर्यवेक्षक, शिक्षक कोण लागून गेलो? दहावीचा निकाल लागला की आम्ही सायन्स की कॉमर्स हे आधी ठरवतो आणि मग मुलाला विचारतो. गोपाळला दरबाराने ठरवून दिले, ते त्याला पेलले. सगळ्यांनाच पेलेल असे नाही.

त्या नववीतल्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले आहे. आता तो दहावीत आहे. यंदा तालमीनंतर आम्ही त्याच्याजवळ बसणार आहोत. बाळा, हा प्रश्न पडणे म्हणजे तुझे काही चुकले असे नाही, हे आधी सांगू. मग कवळाण्याच्या गोपाळची गोष्ट सांगू, "राज्य करायला आलो" याच्या पुढची. आणि तो काय म्हणतो ते ऐकू, मध्ये न बोलता.

गणपती बाप्पा मोरया!