रिमच्या रेषेखाली : लोरायडर गाड्या आणि एक कायदा

मोटारगाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न एरवी गॅरेजातल्या मिस्त्रीचा. कॅलिफोर्नियात मात्र तो थेट विधिमंडळात गेला आणि तेथून सुटायला त्याला सहासष्ट वर्षे लागली. आजचा धागा त्या उंचीविषयी.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील तरुणांच्या हाती जुन्या शेव्हरोले गाड्या येऊ लागल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हॉट रॉडचे वेड होते : मागची चाके मोठी, इंजिन जबर, सगळा भर वेगावर. या तरुणांनी नेमकी उलटी वाट धरली. गाडी जितकी खाली आणि जितकी संथ, तितकी ती देखणी.

साधने घरगुती होती. डिकीत वाळूच्या नाहीतर सिमेंटच्या गोण्या ठेवायच्या, स्प्रिंगची एक-दोन वेटोळी कापून टाकायची, किंवा कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे बसवायचे. (आपल्याकडच्या गतिरोधकांवर अशी गाडी पोटावरच अडकली असती!)

मग कायदा आला. वाहनसंहितेतील कलम २४००८ या क्रमांकाने तो पुढे ओळखला गेला. अंमल १ जानेवारी १९५८ पासून. मूळ रचनेत फेरफार करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली आणण्यास त्याने बंदी घातली. मोजपट्टी म्हणून रिम निवडण्यात तर्क आहे : टायर फुटला तरी गाडी रिमवर टेकते, तिचे पोट रस्त्याला घासत नाही. गंमत अशी की बाहेरचा व्यास तोच ठेवून मोठी रिम आणि पातळ टायर बसवला, तर रिमची कड जमिनीजवळ येते आणि कायद्याची रेषाही तिच्याबरोबर खाली सरकते. लोरायडरांनी मात्र पुढे तेरा इंची तारांची छोटी चाके आपली मानली. त्यांचे उत्तर चाकात नव्हते.

ते उत्तर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन आगिरे या तरुणाने दिले. खाली केलेल्या गाडीपायी दंडाच्या पावत्यांना कंटाळून त्याने १९५९ च्या सुमारास आपल्या १९५७ च्या कॉर्व्हेटला विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप जोडले. पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो, गाडी उचलली जाते. तेल परत सोडले की ती बसते. पोलीस दिसला की कळ दाबायची, गाडी कायदेशीर. तो गेला की पुन्हा खाली. आज ज्या उड्या मारणाऱ्या गाड्या पाहून आपण थक्क होतो, त्यांचे मूळ या लपाछपीत आहे.

१९५८ मध्ये आलेली शेव्हरोले इम्पाला या कलेची लाडकी ठरली. पहिल्या काही वर्षांची तिची चौकट इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखी होती, कडेच्या आडव्या तुळयांचा अडथळा नव्हता.

कायद्याच्या मजकुरात कोणत्याही समाजाचे नाव नाही, हे खरे. परंतु या गाड्या ज्या व्हिटियर बुलेव्हार्डवर रात्री रांगेने फिरत, त्याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरोधी चिकानो मोर्चाच्या दिवशी शेरीफच्या शिपायाने डागलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने पत्रकार रुबेन सालाझार यांचा मृत्यू झाला. १९७९ मध्ये तो रस्ता गाड्यांच्या फेरफटक्यालाच बंद करण्यात आला. पुढे अनेक शहरांनी एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा गाडी फिरवण्यावर बंदी घालणारे नियम केले. मला हा इतिहास निव्वळ वाहतूक-सुरक्षेचा वाटत नाही. संथ चालणारी गाडी म्हणजे स्वतःला पाहू देण्याचा आग्रह, आणि रस्त्यावर कोणी दिसावे हा वाद जुनाच आहे.

दरम्यान या गाड्या संग्रहालयांत पोहोचल्या. जेसी वालादेस यांची ‘जिप्सी रोज’, १९६४ ची गुलाबफुलांनी रंगवलेली इम्पाला, २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल झाली आणि वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली. कॅलिफोर्नियातले ते कलम तेव्हाही जिवंत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयक ४३६ वर सही केली. गाडी रिमखाली आणण्यावरची बंदी आणि शहरांचा फेरफटका रोखण्याचा अधिकार, दोन्ही १ जानेवारी २०२४ पासून संपले. १९५८ च्या अंमलाची तारीखही १ जानेवारीच होती.