सामाईक भिंतीची ओल : वसईचा एक दुर्लक्षित इतिहास

१/१२
वसई म्हटले की किल्ला, चिमाजी अप्पा आणि १७३९ चा विजय आठवतो. या धाग्यात याच भूमीवरील एका साध्या गोष्टीचा इतिहास पाहू : भिंतीतील ओल. पावसाळ्यात एव्हरशाईन सिटीत एखाद्याने कपाट सरकवले, की दोन घरांमधील भिंतीवर काळे ठिपके दिसतात आणि पहिला संशय शेजाऱ्याच्या न्हाणीघरावर जातो. तो नेहमी खरा असतो का?

२/१२
आधी भूमी पाहू. वसई पूर्वेचा हा पट्टा सखल; खाडी, खाजण आणि मिठागरे यांच्या शेजारचा. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईच्या मिठागरांत अडकलेल्या लोकांची सुटका करावी लागली होती. जमिनीत पाणी आहे, पाण्यात मीठ आहे. ते विटांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहून गिलाव्याचे पोपडे काढते. यालाच आपण ‘लोणा लागणे’ म्हणतो.

३/१२
मात्र लोणा साधारणपणे जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतच पोहोचतो. जमिनीतला ओलावा चौथ्या मजल्यावर जात नाही. वरच्या मजल्यांवरील बुरशीचे कारण शोधण्यासाठी भूमीकडून भिंतीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

४/१२
१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे २०५ वर्षे त्यांची सत्ता राहिली. किल्ल्यातील चर्च, मठ आणि वाडे दगड-चुन्यात उभे राहिले. कोकणपट्टीवर शिंपले भाजूनही चुना करीत. घाणीत तो मळून घेत. चुन्याची भिंत सच्छिद्र असते. ती पावसाळ्यात ओलावा पिते आणि ऊन पडताच सोडून देते.

५/१२
चुन्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहसा धरत नाही. पावसाळा संपल्यावर, दिवाळीपूर्वी घराला चुन्याचा हात देण्याची प्रथा सणाची होती, तशीच ती वर्षातून एकदा केलेली बुरशीनाशक फवारणीही होती. भिंतीला झड लागू नये म्हणून खोल वळचणी, पडव्या आणि झावळ्यांचे विणलेले झाप असत. घरही बहुधा सुटे असे. चारही भिंतींना वारा लागे.

६/१२
घर घराला चिकटले ते शहरात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, दमट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३½ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. सोप्या भाषेत : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल.

७/१२
दरम्यान भिंतीचे द्रव्य बदलत होते. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ मध्ये पोरबंदरला त्याचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट मजबूत आणि लवकर घट्ट होणारे, त्यामुळे भिंती पातळ झाल्या. वर पुट्टी आणि रंगाचे थर आले. रंगातील सेंद्रिय घटक आणि त्यावर साचणारी धूळ हे बुरशीचे अन्न. दिवाळीचा चुना मात्र मागे पडला.

८/१२
१९९० मध्ये वसई-विरार परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले आणि मुंबईत न परवडणारे घर शोधणारी कुटुंबे इकडे वळली. गृहसंकुले उभी राहिली, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन संसार आले. या भिंतीला ऊन कोणत्याच बाजूने लागत नाही, आणि कपाट ठेवायला हीच जागा सोयीची.

९/१२
शेवटची भर वातानुकूलन यंत्राची. समजा, शेजारची खोली २० अंशांवर आहे. तुमच्या खोलीत ३० अंश तापमान आणि ८०% आर्द्रता आहे. अशी हवा सुमारे २६ अंशांना दव सोडते. मधली चार इंची भिंत तुमच्या बाजूने जवळपास तेवढीच थंड होते. बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता बराच काळ ८०% च्या वर राहिली तरी पुरते. नळ कुठेही गळत नसतो, तरी भिंत काळी पडते!

१०/१२
मग ओळखायचे कसे? तळाशी पांढरी भुकटी असेल तर लोणा. पिवळसर कडांचा, वाढत जाणारा डाग असेल तर गळती. कपाटामागे, कोपऱ्यांत विखुरलेले काळे ठिपके असतील तर बहुधा हवेतील ओल. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ते हवेतले. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंतीतले.

११/१२
उपाय कारणानुसार बदलतो. गळती असेल तर नळकाम. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या आणि सामाईक नळांच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, सदनिकेतील न्हाणीघराचा सदस्याचा. इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दुरुस्त करणे विकासकाला बंधनकारक आहे. हवेतील ओल असेल तर कपाट वीतभर पुढे घ्यावे, पंखा भिंतीवर फिरू द्यावा आणि शेजाऱ्यांना यंत्र २६ अंशांवर ठेवण्याची विनंती करावी. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट लावल्यास ती आतल्या आत कुजते.

१२/१२
हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनविकार अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. त्यामुळे शेजाऱ्याचे दार ठोठवावेच. पण तक्रार घेऊन जाण्याआधी तो प्लास्टिकचा तुकडा लावून पाहावा. भिंत दोघांची आहे, ओलही बहुतेक वेळा दोघांची असते.

आपल्या गावी झड अडवायला काय बांधत? त्याचे स्थानिक नाव जरूर लिहा.