इंद्रायणीचे कूळ आणि मूळ

भोर-वेल्ह्याच्या खाचरांतून आज सर्रास दिसतो तो इंद्रायणी भात. त्याची जन्मकथा दोन ओळींत सांगून होते: वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला आणि १९८७ मध्ये वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. आईचा वास, बापाचा उतारा, अशी ही बेरीज मानली जाते. पण दाण्यातले रेणू वाचले, तर हे कूळ वजाबाकीने घडलेले दिसते. ज्या गुणांसाठी आपण हा तांदूळ मागून घेतो, ते बहुतेक काहीतरी मोडल्यामुळे आले आहेत.

आधी वास घ्या. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलीन या लहानशा रेणूचा. तो प्रत्येक भाताच्या रोपात साठू शकला असता, पण एक विकर, म्हणजे एक प्रथिन, त्याचा कच्चा माल वेळीच दुसरीकडे वळवते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले, की सुवासिक जातींत या विकराच्या जनुकातली डीएनएची आठ अक्षरे गळालेली आहेत. आठ अक्षरे गेली की पुढचे सगळे वाचन चुकते, प्रथिन अर्धवट राहते आणि कच्चा माल वासाकडे वळतो. बासमतीत आणि थायलंडच्या जास्मिनमध्ये हीच गळती आहे. ती भाताच्या जपोनिका कुळात एकदा घडली आणि संकरांतून इतरत्र पसरली, असे २००९ च्या अभ्यासाने मांडले. जनुकाची एक प्रत जरी शाबूत असली तरी विकर तयार होते आणि वास जातो. म्हणून सुवासिक आणि बिनवासाच्या जातींच्या संकराची पहिली पिढी वासाची निघत नाही. दुसऱ्या पिढीत साधारण चारातले एक रोप वासाचे मिळते, तेही हुडकून काढावे लागते.

बुटकेपणाही तसाच. आंबेमोहर उंच वाढतो. परतीच्या पावसात लोंबी भरली की लोळतो. फिलिपिन्समधल्या एका भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आणलेल्या आयआर-८ ला तैवानच्या एका जुन्या जातीकडून ठेंगणे खोड मिळाले. त्या जातीत जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक घडवणाऱ्या विकराच्या जनुकातला ३८३ अक्षरांचा तुकडाच नाहीसा झाला आहे.

भाताचा मऊपणा स्टार्चवर ठरतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच दोन तऱ्हेच्या साखळ्या: सरळसोट अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. अमायलोज भरपूर असले की भात सुटा शिजतो आणि गार झाल्यावर टणक होतो. आयआर-८ असाच होता. आयोडीनचा थेंब टाकला तर अमायलोजचा दाणा निळाजांभळा होतो. ज्यात ते जवळजवळ नसते, तो तांबूस-तपकिरी. अमायलोज घडवणारे जनुक जपोनिका जातींत एका अक्षराच्या बदलाने मंदावले आहे. इंद्रायणीच्या मऊ, चिकट भाताकडे पाहता या बाबतीत तो आयआर-८ वर गेलेला नाही, हे उघड आहे.

यावर आक्षेप येईल, की वास मावळच्या मातीपाण्याचा आहे. त्यात तथ्य आहे. दाणा भरताना गारवा असला की वास टिकतो आणि पाण्याचा ताण पडला की तो वाढतोही. पण शाबूत जनुकाचा भात त्याच खाचरात लावला तर तो सुगंधी होत नाही. माती वास कमीजास्त करते, निर्माण करत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: उपयोगी बदलाला मोडतोड का म्हणायचे? कारण रोपाच्या बाजूने ती मोडतोडच आहे. वासाच्या जाती खारेपणात लवकर खचतात, बुटके रोप तणाच्या सावलीत दबते. रानात असे वाण टिकले नसते. टिकले ते दर हंगामात वासाची लोंबी बियाण्यासाठी बाजूला काढणाऱ्या हातांमुळे, आणि त्या हातांचे नाव इंद्रायणीच्या जन्मकथेत येत नाही. वडगावच्या संशोधकांनी संकर केला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही निवड चालली होती. त्यांच्या हाती आंबेमोहर आला तो तिच्यामुळेच.